लाल तुरीची साक्ष

१

गडू पालथा झाला, दाणे टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर घरंगळले, आणि पहिल्या बाकावरची पंचफुलाबाई विंचू चावल्यासारखी उठली.

"ही माही तूर नाही!"

धामणगाव बढ्याच्या अलीकडे, मोताळ्याच्या रस्त्याला लागून ही लहानशी ख्रिस्ती मंडळी. एरवी चर्चमध्ये कोणी मोठ्यानं खोकलं तरी पास्टर शेखर चष्म्यावरून बघायचे. त्या बुधवारी त्यांनी बघितलं नाही. ते दाण्यांकडेच बघत राहिले.

इथली निवडणूक कागदावर होत नाही. पहिल्या पिढीला अक्षरओळख नव्हती, तेव्हा कोणा शहाण्यानं दाण्यांची रीत घालून दिली. पुढे नातवंडं बी.एड. झाली तरी रीत तीच राहिली. एका उमेदवाराची तूर, दुसऱ्याचा हरभरा. प्रत्येकाच्या हातावर दोन्हींचा एकेक दाणा ठेवायचा. पडद्याआड जाऊन हवा तो दाणा गडूत टाकायचा, नको तो झाकणाच्या टोपलीत. मग गडूच्या तोंडाला फडकं बांधून गाठीवर मेण ओतायचं, तीन दिवस प्रार्थना करायची आणि बुधवारी मोजायचं. निकाल लागला की टोपलीतल्या नकोशा दाण्यांत आणखी दाणे घालून घुगऱ्या शिजवायच्या, आणि जिंकलेल्या-हरलेल्या दोघांच्या माणसांनी एका परातीतून खायच्या. त्यानं मनात किल्मिष राहत नाही म्हणे. किल्मिष राहतंच, पण घुगऱ्या चांगल्या लागतात.

या वेळी निवडायचा होता मंडळीचा प्रचारक. तूर होती शिवमची, हरभरा अर्पिताचा. शिवम हा मंडळीचे मुख्य वडील, म्हणजे पंचांचे प्रमुख, अर्जुनराव यांचा पुतण्या. अर्पिता ही मंडळीच्या सेक्रेटरी सिंधूताईंची लेक. रविवारी चौऱ्याऐंशी जणांनी दाणे टाकले होते. वाटलेली तूर पंचफुलाबाईच्या शेतातली होती, पांढरी, टपोरी. गडूतून निघाली ती लाल, बारीक, गावरान.

पास्टरांनी एकेक दाणा बाजूला सारत मोजलं. लाल तूर एकसष्ट. हरभरे तेवीस. बेरीज बरोबर चौऱ्याऐंशी.

"लाल तूर आता गावात कोण पेरते?" मागून कोणीतरी विचारलं.

उत्तर द्यायची गरज नव्हती. गावात कृषी केंद्राचं पांढरं वाण येऊन पंधरा वर्षं झाली होती. बापजाद्यांची लाल तूर हट्टानं पेरणारा एकच माणूस उरला होता, आणि तो वेदीशेजारच्या खुर्चीवर बसला होता. चर्चच्या तीन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे होती. निवडणुकीत त्याचा पुतण्या होता. बहात्तर वर्षांच्या अर्जुनरावांकडे सगळं चर्च वळून बघू लागलं.

शेवटच्या बाकावर बसलेल्या मंजुळाबाईंना आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं? पोटातून, मुळापासून आनंद झाला. बारा वर्षं त्या याच घडीची वाट बघत होत्या.

"चौकशी झाली पाहिजे," पास्टर म्हणाले. "पण ती कोणी करायची?"

सिंधूताई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज एकदम शांत होता.

"मंजुळाबाईनं करावी," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. कोणाच्या कागदावर कधी खोटा ताप लिवला नाही तिनं."

अर्जुनरावांचा चेहरा तेवढ्यात पांढरा पडला.

२

तो पांढरा का पडला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

बारा वर्षांपूर्वी मंजुळाबाईंचे यजमान पुंजाजी आणि अर्जुनरावांचा धाकटा भाऊ यांच्यात शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, वाद झाला. ख्रिस्ती माणसांनी कोर्टात जाऊ नये म्हणून वाद मंडळीपुढे आला, आणि न्याय करायला खुद्द अर्जुनराव बसले. निकाल कोणाच्या बाजूनं लागला हे सांगायला नको. पुंजाजी भर सभेत म्हणाले, "भावाच्या खटल्यात भाऊच न्यायाधीश? मंग मले बलावलं कायले?"

आठच दिवसांत त्यांच्यावर आळ आला, मोताळ्याच्या बाजारात दारू पिऊन पडले होते म्हणून. पुंजाजींनी जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. पण ठराव झाला, आणि त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात आलं. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट बाकाबाकांवरून फिरायचं आणि शेवटच्या बाकावर पुंजाजींपाशी न थांबता पुढे जायचं. ताट अर्जुनरावांच्या हातात असायचं. चार वर्षं हे चाललं. मग एका सकाळी पुंजाजी अंगणातल्या खाटेवर गेले ते गेलेच. ताटापासून दूरच गेले.

तेव्हापासून मंजुळाबाईंनीही त्या ताटाला हात लावला नव्हता. 'या माणसाचं तोंड मंडळीत काळं होईल तेव्हाच खाईन,' अशी मनाशी गाठ मारली होती. देवाला ती पसंत नसेल हे त्यांना कळत होतं. तरी गाठ सोडली नाही.

त्या बुधवारी सिंधूताई त्यांच्यासोबत घरापर्यंत आल्या. तीस वर्षांची मैत्री. एकमेकींची बाळंतपणं, दुखणी, लग्नकार्यं दोघींनी काढली होती. दर फाल्गुनात दोघी मंजुळाबाईंच्या अंगणात बसून वर्षाची तूर एरंडेल चोळून ठेवायच्या, मंजुळाबाईंच्या सासूच्या रीतीनं, तेलात चिमूटभर हळद घालून. यंदा मात्र मंजुळाबाई मोतीबिंदूसाठी बुलढाण्याला लेकाकडे होत्या, म्हणून तो बेत हुकला होता.

"आता सोडू नको त्याले," सिंधूताई दारातच म्हणाल्या. "देवानंच दिला हातात."

"सोडते कायची," मंजुळाबाई म्हणाल्या. "रविवारी पाहाय तू."

पास्टरांनी दाणे त्याच पांढऱ्या कापडात बांधून, वर गाठ मारून त्यांच्या हवाली केले होते. ते गाठोडं त्यांनी कपाटात ठेवलं आणि त्या रात्री बारा वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपल्या.

३

गुरुवारी सकाळी त्या अर्जुनरावांकडे गेल्या. म्हातारा ओसरीवर बसला होता. मंजुळाबाईंना बघताच बशीत ओतत असलेला चहा अर्धा खाली सांडला.

"गडूले तुम्ही हात लावला?" मंजुळाबाईंनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

"नाही."

"रविवारनंतर चर्चात गेले होते?"

अर्जुनरावांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "गेलो होतो. मंगळवारी दुपारी, प्रार्थना करायले."

"किती वेळ?"

"असंन अर्धा-पाऊण घंटा."

"अन् निघताना हातात काही होतं?"

म्हाताऱ्यानं मान फिरवली. "काही नाही," तो म्हणाला. खोटं बोलणारा माणूस मंजुळाबाईंना कळत असे. चाळीस वर्षं त्यांनी 'गोळ्या घेतल्या' म्हणणारे रोगी बघितले होते.

आतून सून डिंपल आली. तिनं पदर खोचला आणि तावातावानं सुरू झाली. "बाई, आमच्या घरात अख्ख्या तुरीचा एक दाणा नाही. उन्हाळ्यात डाळ केली, बियाणं होतं ते जूनमधी पेरलं. जा, कोठीत पाहून या."

मंजुळाबाईंनी कोठी बघितली. खरंच, डाळ होती, तूर नव्हती. पण घरच्या सुनेच्या साक्षीला किती धरायचं? दाणे असले तरी काल रात्रीतून गेले असतील. त्यांनी मनातल्या मनात त्यावर काट मारली.

"साठवणीले काय लावता? एरंडेल?"

"छे! एरंडेलाच्या वासानं मामाजीले मळमळते. आम्ही पावडर टाकतो."

शिवम विहिरीवरून आला. तो चांगला पोरगा होता, हे मंजुळाबाईंना कबूल करावंसं वाटत नव्हतं, पण होता. त्याचे डोळे सुजले होते.

"काकू, मले ती जागा नकोच," तो म्हणाला. "काकांनी उभं केलं म्हणून उभा राह्यलो. मतं मागायलेही कोणाकडं गेलो नाही."

"मंग एकसष्ट लोकाईनं काय स्वप्नात तूर टाकली?"

एवढं बोलून मंजुळाबाई निघाल्या.

चर्चचा राखणदार मोतीराम ओट्यावर बिडी पीत बसला होता. त्यानं ती घाईघाईनं विझवली.

"मोतीराम, रविवारपासून बुधवारपर्यंत चर्चात कोण कोण गेलं?"

"पास्टर साहेब सकाळ-संध्याकाळ. मंगळवारी दुपारी अर्जुनराव." मोतीरामनं आवाज खाली आणला. "अन् बाई, जाताना त्याईच्या काखेत लाल फडक्यातलं काहीतरी होतं. मी हाक मारली तर दचकले."

मंजुळाबाईंनी मनात नोंद केली. लाल फडकं. काखेत लपवलेलं. आता आणखी काय पाहिजे?

"आणखी कोणी?"

"कोणी नाही. सोमवारी टेबलाचं कापड नेलं-आणलं, पाळीवालीनं, तेवढंच."

"बरं," म्हणून मंजुळाबाई घरी निघाल्या. रविवारी काय बोलायचं ते त्या वाटेनं जुळवत होत्या, आणि शब्द आपोआप जुळत होते.

एकच गोष्ट मात्र दातात अडकलेल्या तंतूसारखी सलत होती. लबाडी करणारा माणूस पांढऱ्या तुरीच्या जागी आपल्या नावाची लाल तूर का घालेल? पांढरी तूर दहा घरांत मिळाली असती. अर्जुनराव पक्षपाती होता, दुष्ट होता, पण मूर्ख नव्हता.

४

शुक्रवारी लख्ख ऊन पडलं. मंजुळाबाईंनी गाठोडं सोडलं आणि रविवारी दाखवायला दाणे एका डब्यात ओतले. कापडावर जागोजागी फिकट पिवळे ठिपके उठले होते. दोन दिवस दाणे त्यात बांधलेले होते, त्याचे असतील. प्रभुभोजनाचं कापड असं डागाळलेलं परत कसं द्यायचं? त्यांनी ते बादलीत बुडवलं आणि साबण फासला.

साबण लागताच पिवळे ठिपके रक्तासारखे लाल झाले.

त्या तशाच उकिडव्या बसून राहिल्या. आयुष्यभर ज्यांनी लुगडी धुतली त्यांना हे काय नवीन होतं? साबणानं लाल होतो तो डाग एकाच गोष्टीचा.

हळद.

त्यांनी ओल्या हातानं डबा उघडला आणि मूठभर तूर नाकाशी नेली. वास जुना झाला होता, मंद होता, पण होता. एरंडेल.

तुरीला एरंडेल गावात पुष्कळ बायका लावतात. एरंडेलात हळद घालणारी बाई एकच होऊन गेली, मंजुळाबाईंची सासू. ती रीत तिनं सुनेला शिकवली. आणि सुनेनं सगळ्या जगात एकाच बाईला शिकवली.

मंजुळाबाईंनी कापड पिळलं. ठिपके पुन्हा पिवळे झाले होते, गेले नव्हते. समोर दोरीवर ऊन तापलं होतं. हळदीचा डाग साबणानं जात नाही, उन्हानं जातो, हेही त्यांना पाठ होतं. हे कापड दोन तास दोरीवर टाकलं तर संध्याकाळी ते बगळ्यासारखं पांढरं होईल. मग रविवारी उभं राहून फक्त म्हणायचं, लाल तूर अर्जुनरावाची, किल्ली अर्जुनरावाची, काखेत गाठोडं अर्जुनरावाचं. बारा वर्षांचं देणं एका वाक्यात फिटेल. कोणी विचारणार नाही.

त्या कापड घेऊन दोरीपर्यंत गेल्या. हात वरही केले.

मग परत फिरल्या, आणि कापड आत, अंधाऱ्या खोलीत, पुंजाजींच्या रिकाम्या खाटेवर पसरलं.

५

"मोतीराम, दोन गोष्टी सांग," मंजुळाबाईंनी चर्चच्या ओट्यावर टेकत विचारलं. "कापणीच्या सणाले अर्जुनरावाच्या घरून लाल तुरीची पाटी आली होती. लिलावात कोणी घेतली?"

मंजुळाबाई स्वतः सणाला जात नसत. घरोघरून वाहिलेल्या मालाचा लिलाव अर्जुनराव पुकारायचे म्हणून.

मोतीराम हसला. "ते तर गावभर झालं होतं बाई. शिवम आपल्याच घरची पाटी परत घ्यायले बोली लावत होता, अन् सेक्रेटरीबाई इरेला पेटल्या. त्याईनंच नेली. म्हणे, याची तूर मी शिजवून खाईन."

"अन् सोमवारी कापड धुवायची पाळी कोणाची होती?"

"ते मी कायले ध्यानात ठेवू? पाळीवाली येते, खुंटीवरची किल्ली घेते, मी पाहतही नाही. यादी कपाटाच्या दाराले हाये."

पास्टर साहेबांनी कपाट उघडून दिलं. दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली होती. सोमवारसमोर नाव होतं: सिंधूताई.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मंजुळाबाईंनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा नजर खालच्या फळीवर गेली. ठरावांच्या जुन्या वह्या ओळीनं लावलेल्या, प्रत्येक वही लाल फडक्यात बांधलेली. ओळीत एक खिंडार होतं. त्यांनी अलीकडची आणि पलीकडची वही उघडून सालं बघितली. नव्हती ती बारा वर्षांपूर्वीची.

"साहेब, ही कोणं नेली?"

"मला ठाऊक नाही," पास्टर गोंधळले. "मागच्या आठवड्यात होती."

म्हणजे मंगळवारी अर्जुनरावांच्या काखेत तूर नव्हती. पुतण्याच्या निवडणुकीत मंजुळाबाई जुना ठराव मागतील, सगळ्यांपुढे वाचायला लावतील, या धाकानं म्हाताऱ्यानं वहीच पळवली होती. गडूची चोरी त्यानं केली नव्हती. स्वतःच्या पापाची केली होती. मंजुळाबाईंच्या ओठांवर हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

जाता जाता त्यांचा पाय कोपऱ्यातल्या झाकणाच्या टोपलीला लागला.

"हे काय, मोतीराम?"

"नकोशे दाणे, बाई. घुगऱ्याचे. निकालच लागला नाही तर घुगऱ्या कायच्या शिजवू? देवाच्या घरचं हाये, फेकताही येत नाही."

मंजुळाबाईंनी टोपली टेबलावर पालथी केली आणि पास्टरांना म्हटलं, "साहेब, मोजा. तूर येगळी, हरभरा येगळा."

मोजून झाल्यावर मंजुळाबाईंनी पास्टरांना दोन्ही आकडे कागदावर लिहायला लावले.

६

शनिवारी दुपारी सिंधूताई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मंजुळाबाईंनी पिवळ्या ठिपक्यांचं कापड त्यांच्या सुपाशेजारी ठेवलं.

"आमच्या सासूची हळद," त्या म्हणाल्या.

सिंधूताईंची बोटं सुपात थांबली. त्यांनी कानावर हात ठेवले नाहीत, आकांडतांडव केलं नाही. उलट मान वर करून बघितलं.

"तुह्यासाठीच केलं मी, मंजुळे. पुंजाजीभाऊसाठी. अन् माह्या पोरीसाठी. तीन वर्षं त्यानं अर्पिताले दाराबाहेर ठेवलं. बाई प्रचारक झाली तर लोक हसतीन म्हणे. शिवम पुतण्या, म्हणून शिवम. निवडणूक घेतली तरी कोण निवडून येणार होतं? त्याच्याच घरचं. मंग मी म्हटलं, येऊ दे. पण असा येऊ दे का म्हाताऱ्याचं तोंड जलमभर वर व्हायचं नाही."

"म्हणून त्याचीच तूर."

"म्हणून त्याचीच. एकसष्ट दाणे अन् तेवीस हरभरे घरूनच मोजून नेले. पंचफुला बोंबलल्याशिवाय राहणार नाही, हे माहीत होतं. गाठीवर टेबलावरच्याच मेणबत्तीचं मेण ओतलं."

"अन् चौकशीले मले काऊन उभं केलं?"

सिंधूताई पहिल्यांदा अडखळल्या. "तू त्याच्या पलीकडं पाहणारच नाहीस, म्हणून."

ते वाक्य मंजुळाबाईंना लागलं. बारा वर्षं जपलेला राग आपला एकटीचा आहे असं त्यांना वाटत होतं. तो दुसऱ्या कोणीतरी खुंटीवरच्या कोयत्यासारखा उचलून वापरला होता.

"गडूतले खरे दाणे काय केले?"

"पदरात ओतले, घरी आणून कोंबड्याईले टाकले."

"मोजले?"

"कायले मोजू? माहीतच होतं."

मंजुळाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि पास्टरांच्या अक्षरातला कागद पुढे केला. "ज्याले शिवम पाहिजे त्यानं हरभरा टोपलीत टाकला. ज्याले अर्पिता पाहिजे त्यानं तूर टाकली. टोपलीत हरभरे सदतीस निंघाले, सिंधू. अन् पंचफुलाची पांढरी तूर निंघाली सत्तेचाळीस."

सिंधूताईंनी आकडे दोनदा वाचले. मग हातातलं सूप कललं आणि निवडलेले तांदूळ ओट्यावरून खाली सांडले. अंगणातल्या कोंबड्या धावत आल्या.

"तुही पोरगी जिंकली होती," मंजुळाबाई म्हणाल्या. "तू कोंबड्याईले चारली."

सिंधूताई पुटपुटल्या, "कोणाले माहीत हाये हे? तू अन् साहेब. साहेबाले काय समजते? तू गप बस, मंजुळे. तो तरी बुडू दे."

"पुंजाजीच्या टायमाले सगळी मंडळी गपच बसली होती," मंजुळाबाई उठल्या. "तूही पहिल्या बाकावर होतीस. उद्या तू सोताहून उठली तर ठीक. नाही तर मी बोलीन."

७

रविवारी चर्च खचाखच भरलं. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा दिवस. टेबलावर झाकलेलं ताट, शेजारी गडू, टोपली आणि ते कापड.

मंजुळाबाई पुढे आल्या. अर्जुनराव खुर्चीत आकसून बसले होते. त्यांना काय ऐकायला मिळणार याची त्यांना खात्री होती.

"आपल्या मंडळीचा नियम हाये," मंजुळाबाई म्हणाल्या. "वडिलावर आळ घ्यायचा तर दोन साक्षीदार पाहिजे. अर्जुनरावावर आळ हाये का गडू त्याईनं बदलला. मी तीन दिवस साक्षीदार शोधले. त्याईच्या विरुद्ध एकही सापडला नाही. त्याईच्या बाजूनं दोन सापडले. एक ही हळद-एरंडेल लागलेली तूर, त्याईच्या घरी एरंडेल चालतच नाही; अन् एक ही टोपली. गडू अर्जुनरावानं बदलला नाही."

कुजबुज उसळली. तिच्यावरून पहिल्या बाकावरचा आवाज आला.

"मी बदलला." सिंधूताई उभ्या होत्या. शेजारी अर्पितानं आईचा हात धरला होता, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. सिंधूताईंनी काही लपवलं नाही. लिलावातली पाटी, सोमवारची पाळी, कोंबड्या, सगळं सांगितलं, आणि सेक्रेटरीच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून दिली.

पास्टरांनी टोपलीची मोजणी वाचली. सत्तेचाळीस हा आकडा ऐकून लोक अर्पिताकडे वळले. ती म्हणाली, "अशा गोंधळातून आलेलं पद मला नको. दाणे पुन्हा टाका. आणि मोजायला आमच्या घरचं कोणी नको, शिवमच्या घरचंही नको." शिवमनं लगेच मान डोलावली.

अर्जुनराव उठले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "मंजुळाबाई, तुमचे उपकार मी जलमभर..."

"उपकार कायचे?" मंजुळाबाईंचा आवाज चिरला. "हा बदला हाये. तुमच्यावर खोटा आळ ठेवणं माह्या हातात होतं. एक कापड उन्हात टाकायचं होतं फक्त. मी नाही टाकलं. आता वही आणा."

"कोणती वही?"

"मंगळवारी काखेत होती ती."

 म्हाताऱ्यानं शेवटच्या बाकाकडे एकदा बघितलं. मग त्यानं डिंपलकडे बघून मान हलवली. चर्चपासून घर पन्नास पावलांवर होतं. ती गेली आणि लाल फडक्यातली वही घेऊन आली. अर्जुनरावांनी पान उघडलं. ते त्यांना शोधावं लागलं नाही.

"वाचा," मंजुळाबाई म्हणाल्या. "साक्षीदार किती?"

अर्जुनराव काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं. पुंजाजीचा बाक मागं हाये, तिथपर्यंत गेलं पाहिजे."

"एक," अर्जुनराव म्हणाले.

"कोण?"

"माहा भाऊ."

"अन् न्याय करायले कोण बसलं होतं?"

"मी."  म्हाताऱ्यानं खुर्चीची पाठ धरली, पण तो बसला नाही. "तो पिलेला नव्हता. मले तेव्हाही माहीत होतं."

पास्टरांनी पेन काढलं आणि त्या ठरावावर सगळ्यांसमोर आडवी रेघ मारली. मुख्य वडिलाच्या पदाचं काय करायचं ते मंडळी नंतर ठरवणार होती. मंजुळाबाईंना त्यात रस नव्हता. त्या परत शेवटच्या बाकावर गेल्या, आपल्या जागी बसल्या, आणि शेजारची जागा नेहमीसारखी मोकळी ठेवली.

"ताट अर्जुनरावाईनंच आणावं," त्या तिथून म्हणाल्या.

अर्जुनरावांनी ताट उचललं. बाकामागून बाक ओलांडत ते शेवटच्या बाकाशी आले. सवयीनं ताट मंजुळाबाईंपुढे धरलं. मंजुळाबाईंनी नकाराची मान हलवली आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं.

"पहिले त्याले."

म्हातारा मोकळ्या जागेपुढे ताट धरून उभा राहिला. ताट खडखडत होतं. सगळी मंडळी मान वळवून बघत होती. आता पुरे, असं कोणीतरी म्हणावं, अशी त्याची नजर फिरली, पण कोणी म्हटलं नाही.

मंजुळाबाईंनी घाई केली नाही. चार वर्षं ते ताट इथं एकदाही थांबलं नव्हतं.